पाच अभियंते, पाच वास्तुविशारद आणि हर्डीकर

गुरुदत्त हर्डीकर खिदिरपूरच्या गोदीत छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. इंजिनिअर साहेब कागदाच्या कपट्यावर काहीतरी खरडून द्यायचे आणि हर्डीकर त्याचं असं स्वच्छ ड्रॉइंग करायचे, की आपल्या डोक्यात हे पहिल्यापासून एवढं स्पष्ट होतं असं साहेबालाच वाटावं. वडील रेल्वेच्या बदलीवर कोलकात्याला आले ते परत गेलेच नाहीत, त्यामुळे हर्डीकरांचा जन्म इथलाच. पत्नी प्रेमलताबाई मात्र साताऱ्याच्या. शहराच्या दक्षिणेला बेहाल्यात दोघंच राहतात. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे, म्हणून ही हकिगत मला चहाबरोबर थोडी थोडी ऐकायला मिळाली.

हर्डीकरांना व्यसन एकच. अखिल भारतीय अभियंते व वास्तुविशारद परिषद, मुख्य कार्यालय बागबाजार, शाखा सोळा शहरांत. परीक्षा घ्यायच्या, प्रमाणपत्रं द्यायची, जुन्या इमारतीला तडा गेला की जाऊन बघायचं आणि मत कळवायचं, सरकारने बांधकामाचा नवा नियम काढला की त्यावर हरकती पाठवायच्या, अशी परिषदेची कामं. हर्डीकरांकडे पदवी नव्हती, डिप्लोमा होता. म्हणून ते 'सहयोगी सदस्य'. सहयोगी सदस्याला सभेत बसता येतं, चहा पिता येतो, मत देता येत नाही. एकोणतीस वर्षं ते एकही सभा न चुकवता मत न देता परत आले.

"तिथे तुम्ही नेमकं करता तरी काय?" प्रेमलताबाई विचारायच्या.

"ऐकतो."

"मग घरी काय वाईट आहे? इथेही तुम्हाला मत नाहीच."

परिषदेचं पंच्याहत्तरावं वर्ष जवळ आलं तेव्हा तिचा इतिहास लिहायचं ठरलं. आधी अभियंत्यांनी एक मसुदा केला. त्यात वास्तुविशारद प्रथम बेचाळिसाव्या पानावर दिसले, तेही एका गटफोटोत. मग वास्तुविशारदांनी आपला मसुदा केला. त्यात अभियंत्यांचा उल्लेख 'व अन्य तांत्रिक मंडळी' असा होता. दोन महिने भांडण चाललं. शेवटी अध्यक्ष गुहठाकुरता, म्हणजे पूल बांधण्यात हयात गेलेले अभियंते, आणि उपाध्यक्ष शर्मिष्ठा लाहिडी, म्हणजे वास्तुविशारदांच्या पुढारी, या दोघांचं हर्डीकरांवर एकमत झालं. कारण हर्डीकर ना हे होते, ना ते.

"गुरुदत्तबाबू," लाहिडीबाई म्हणाल्या, "पूर्वी तुमचे मराठे चौथाई मागायला निघाले म्हणून आम्ही या बागबाजारापासून खंदक खणला होता. आता आम्हीच तुम्हाला आत बोलावून दप्तराच्या किल्ल्या देतोय. सांभाळून लिहा."

दोन लोखंडी कपाटांमध्ये पंच्याहत्तर वर्षांची इतिवृत्तं होती. हर्डीकर रोज सकाळी डबा घेऊन बेहाल्याहून मेट्रोने निघायचे, माझेरहाटला उतरून बस धरायचे आणि दुपारभर कसर लागलेली पानं उलटायचे. संध्याकाळी मला सांगताना त्यांचा चेहरा लग्नघरातून आल्यासारखा असायचा.

सुरुवात मोठी सुंदर होती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे आले होते. पाच अभियंते आणि पाच वास्तुविशारद एका भाड्याच्या खोलीत जमले. निर्वासितांसाठी एका खोलीच्या घराचा नकाशा फुकट करून द्यायचा, एवढंच ठरवायचं होतं. पहिल्या सभेत खिडकी पूर्वेला की दक्षिणेला, यावर पाच विरुद्ध पाच मतं पडली. दुसऱ्या सभेतही पाच-पाच. तिसऱ्या सभेत खिडकी तशीच राहिली आणि दारावरूनही पाच-पाच झाले. चौथ्या सभेला कुणीतरी आपल्या कचेरीत नकाशे गिरवणाऱ्या, कालीपद मान्ना नावाच्या ट्रेसरला सोबत आणलं. त्याने विचारलं, "त्या खोलीत चूल कुठे असणार?" चुलीचा विचार दहापैकी कुणी केलाच नव्हता. मान्नाने चुलीची जागा दाखवली, मग धूर जायला खिडकी कुठे हवी ते आपोआप ठरलं, आणि नकाशा त्याच दिवशी पुरा झाला.

त्या दहा जणांनी लगेच नियम क्रमांक सात केला. कार्यकारिणीत पाच अभियंते, पाच वास्तुविशारद आणि 'या दोहोंपैकी नसलेला' एक सदस्य असावा. मतं समसमान पडली की निर्णय त्याचा. मान्ना सतरा वर्षं ते काम करत होता. अडुसष्ट साली तो वारल्यावर त्याची खुर्ची कुणी भरली नाही आणि नियम रद्द करायचंही कुणाला सुचलं नाही.

हर्डीकरांनी ते पान अध्यक्षांपुढे ठेवलं. गुहठाकुरतांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला.

"हे छापायलाच हवं का?"

"इतिहास आहे, साहेब."

लाहिडीबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "म्हणजे अडुसष्टपासून जे जे बरोबरीत अडकलं... ग्रंथालयाचा रंग, पत्रिकेचं नाव, जिना!"

जिना हे मोठं प्रकरण होतं. सभागृह पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा, सदस्यांचं सरासरी वय सदुसष्ट. अभियंते म्हणत लिफ्ट बसवा, वास्तुविशारद म्हणत उतरता रॅम्प बांधा. चार वर्षं पाच-पाच.

नियम म्हणजे नियम. हर्डीकरांना अकरावे सदस्य म्हणून नेमलं गेलं, तेही एकमताने, कारण दोन्ही बाजूंना ते आपलेच वाटत होते. गोदीतला माणूस म्हणजे लिफ्टचा, असा अभियंत्यांचा हिशेब. हातात पेन्सिल असलेला माणूस रॅम्पचा, असा वास्तुविशारदांचा. दुसऱ्या दिवसापासून बेहाल्याला मिठाई यायला लागली. गुहठाकुरतांकडून छेन्याचे संदेश आले तर लाहिडीबाईंकडून मिष्टी दोईची, म्हणजे गोड दह्याची हंडी. हर्डीकरांना मधुमेह. त्यामुळे त्या तीन आठवड्यांत माझं वजन अडीच किलोंनी वाढलं.

"कुणाला मत देणार?" मी हंडी खरवडत विचारलं.

"अजून कुणी मला ड्रॉइंग दाखवलेलं नाही," हर्डीकर म्हणाले.

ते खरंच होतं. चार वर्षं वाद चालला होता, पण जागा कुणी मोजली नव्हती. हर्डीकर टेप घेऊन गेले. दुखरा गुडघा सांभाळत जिना सहा वेळा चढले-उतरले, जिन्याजवळ पालथे पडून फरशी उचकटून आत बॅटरी मारली. चौकीदाराला वाटलं, म्हातारा पडला. त्याने पाणी आणलं.

सभेच्या दिवशी हर्डीकरांनी मोठा कागद भिंतीला लावला.

"पहिला मजला सोळा फूट उंच. रॅम्प नियमाप्रमाणे केला तर लांबी एकशे ब्याण्णव फूट. सरळ नेला तर तो फाटकातून बाहेर पडून गल्ली ओलांडतो आणि मासळीवाल्या बाईच्या पाटाशी संपतो."

अभियंते मोठ्याने हसले.

"अंगणातच वळवत नेला तर तेरा वळणं. तेरा वळणांत माणूस दार्जिलिंगच्या वाटेला लागतो."

अभियंत्यांनी बाकं वाजवली. लाहिडीबाई लाल झाल्या.

"आता लिफ्ट. तिच्यासाठी जागा एकच, जिन्याजवळचा कोपरा. खाली पाच फुटांचा खड्डा लागेल. तिथे जुनी पाण्याची टाकी आहे, भरलेली. इतकी वर्षं आपण तिचंच पाणी पितोय."

आता वास्तुविशारद हसले. गुहठाकुरतांनी चष्मा काढून ठेवला.

"मग करायचं काय?" ते म्हणाले. "उडायचं?"

"तळमजल्यावर एवढंच मोठं दालन आहे, साहेब. त्यात आपल्या पत्रिकेचे न खपलेले अंक आहेत, तीस वर्षांचे. ते वर न्यावेत आणि माणसांनी खाली बसावं. पत्रिकेचे गुडघे दुखत नाहीत."

ही सूचना अभियंत्यांची नव्हती आणि वास्तुविशारदांचीही नव्हती, हे सगळ्यांच्या हळूहळू लक्षात आलं. लाहिडीबाईंनी हात वर केला. मग गुहठाकुरतांनी. मग भराभर सगळ्यांनी.

"दहा विरुद्ध शून्य," गुहठाकुरता खूश होऊन म्हणाले. "मंजूर! गुरुदत्तबाबू, आता तुमच्या मताची गरजच उरली नाही."

हर्डीकर कागदाची गुंडाळी करत होते. ते थांबले. त्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि हात वर केला. पूर्ण ताठ, शाळेतल्या मुलासारखा.

"गरज नसू दे, साहेब. नोंदवा."

गुहठाकुरतांनी चष्मा पुन्हा लावला. मग चिटणीसाला म्हणाले, "अकरा विरुद्ध शून्य लिहा. आणि नाव पूर्ण लिहा."

घरी आल्यावर हर्डीकरांनी सगळं सविस्तर सांगितलं. प्रेमलताबाईंनी ऐकून घेतलं, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं आणि म्हणाल्या, "अहो, आता घरातल्या नव्या पडद्यांचा रंग तुम्हीच सांगा बघू. एकदाच हं."

त्यांनी निळा सांगितला. बाईंनी पिस्ता रंगाचे आणले.

अंक वर न्यायला सहा दिवस लागले. तळमजल्यावरच्या पहिल्या सभेला त्र्याण्णव वर्षांचे एक सदस्य आले. जिन्यामुळे ते नऊ वर्षं सभेला आले नव्हते. काठी टेकत आत शिरले, पहिल्या रांगेत बसले आणि इतिवृत्त वाचायला सुरुवात होताच त्यांनी त्यावर हरकत घेतली. हरकत नऊ वर्षांपूर्वीच्या इतिवृत्ताबद्दल होती. ती पाऊण तास चालली, आणि हर्डीकरांनी ती शब्दन् शब्द ऐकून घेतली.