बिराजदार डॉक्टरांचा आरसा

दातांचे डॉक्टर असून बिराजदार डॉक्टर पेशंटच्या तोंडात आधी स्वतः कधीच बघत नसत. माणूस खुर्चीत बसला की न्हाव्याकडं असतो तसला आरसा त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आधी घरमालकानं बघावं. मी तर पाहुणा."

त्यांच्या लातूरच्या दवाखान्यात मी पोचलो तो बायकोमुळं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे माझा जीव की प्राण. पण ती भाकरी मी गुपचूप वरणात भिजवून गिळू लागलो होतो. बायकोनं चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "अहो, भाकरी खाताय की तिला आंघोळ घालताय?"

समोरचे खालचे दात हलत होते. वर्गात पहिल्या बाकावरची मुलं मागं सरकून बसत होती. मला वाटलं, पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझा धाक बसला. तो धाक नसून तोंडाचा वास आहे, हेही बायकोनंच सांगितलं. ब्रश केला की रक्त यायचं, म्हणून मी ब्रश सोडून मशेरी धरली होती. रक्त थांबलं. आपल्या या डॉक्टरकीवर मी चांगलाच खूश होतो.

आरशात पाहिलं तर हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या आणि दात घोड्यासारखे लांब.

"सर, रक्त येणं म्हणजे हिरडीनं मारलेली हाक," डॉक्टर म्हणाले. "तुमी मशेरी लावून हाक मारणाऱ्याचं तोंडच दाबलं."

"काढावे लागतील का दात?" वर्गात खणखणणारा माझा आवाज कुठं गेला कोण जाणे.

"दात ठणठणीत हायत. जमीन सुटून राहिली. खांब कितीबी पोलादी असू द्या, बुडातली माती गेल्यावर कुंपण उभं राहतंय व्हय?"

"पण साफ केले की दात ढिले होतात म्हणे."

"ढिले झालेलेच हायत. वरच्या किटणानं नुसता टेकू दिलाय. चोरानं भिंतीला टेकू दिला म्हणून त्याला घरात ठेवून घेता का?"

मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "उद्या उपाशीपोटी शुगर तपासून या. एवढी सूज एकट्या मशेरीची न्हाई."

शुगर निघाली, तीही चांगलीच वाढलेली. ज्या रोगाचा मला पत्ता नव्हता, त्याची चुगली हिरडीनं केली आणि ती ऐकणारा माणूस भेटला. गोळ्या सुरू झाल्या. चार खेपांत डॉक्टरांनी हिरडी बधिर करून आतली मुळं खरवडली. एक दात गेला, बाकीचे हळूहळू धरले. मी हुरळलो, तर म्हणाले, "गेलेली माती परत येत न्हाई, सर. हाय ती सांभाळा. दर तीन महिन्याला तोंड दाखवा."

अशाच एका खेपेला "मशेरी सोडली" असं मी ठोकून दिलं. डॉक्टरांनी आरसा पुढं केला. दातांच्या कडेची मशेरीची काळी रेघ मलाच दिसली. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे स्वतःची वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. गाल आत गेले, एका क्षणात वय वाढलं. कवळी परत बसवून म्हणाले, "नवव्या वर्षी आईच्या डबीतली मशेरी लावायला शिकलो. दातांचा डॉक्टर झालो तवर लई उशीर झाला होता. मला कुणी आरसा दिला न्हाई."

त्या दिवशी घरी जाऊन मी डबी उकिरड्यावर फेकली.

गेल्या वर्षी दवाखाना बंद करून डॉक्टर लेकीकडं नांदेडला राहायला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा बायकोनं कडक भाकरीची चवड बांधून दिली होती. त्यांनी त्यातली एक हातात घेऊन वाजवून पाहिली आणि माझ्यापुढं सरकवली.

"माझ्या कवळीला हे झेपत न्हाई. तुमी खावा सर, मी ऐकतो."

मी समोरच्या दातांनी कडाकड तुकडा मोडला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते.

"हाव," ते म्हणाले. "आणिक एक मोडा."