काडेपेट्यांचं प्रदर्शन, पार्किंगमध्ये

खडकीच्या चंद्रभागाबाईंना कुणी ‘हा काय पोरकट नाद’ म्हणालं, की त्या म्हणत, "नाद तुम्हालाही आहेच की, दुसऱ्याच्या घरात डोकावायचा." बाईंचा नाद काडेपेट्यांवरच्या चित्रांचा. त्यांचे वडील सीताराम दारूगोळ्याच्या कारखान्यात गेटवर झाडूकाम करायचे. आत काडी न्यायची नाही, म्हणून कामगारांच्या खिशातल्या पेट्या गेटवरच काढून घेत. टाकून दिलेल्या रिकाम्या पेट्या सीताराम लेकीसाठी घरी आणायचे. वाघ, कमळ, घोडा, विमान. साहेबापासून शिपायापर्यंत जो तो त्यांना ‘ए’ म्हणायचा. जन्मभर. बाईंना ते अजून डाचतं.

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांनी काडेपेट्या जमवणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि पहिल्याच दिवशी नियम ठोकून दिला: इथे लहानथोर सगळ्यांना अहो म्हणायचं. चूक दिसली तर जरूर सांगायची, पण समोरच्याची अब्रू राखून. आता व्हॉट्सअ‍ॅपवर अब्रू राखायची म्हणजे मंडईत कुजबुजण्यातलाच प्रकार! पण बाईंनी ते करून दाखवलं. भांडणं व्हायची, कडाक्याची व्हायची. फक्त ‘आपलं म्हणणं साफ चुकीचं आहे, क्षमस्व’ असं लिहून व्हायची.

यंदा ग्रुपचं पहिलं प्रदर्शन ठरलं. हॉल ग्रुपमधल्या श्रीनिवासरावांचा, काचेच्या पेट्या त्यांच्या, संग्रहही त्यांचाच सर्वांत मोठा. बाईंच्या मनात एकच होतं. वडिलांनी आणलेली चित्रं काचेखाली लागावीत, खाली त्यांचं नाव असावं आणि नावाआधी ‘श्री.’ असावं.

तेवढ्यात बिबवेवाडीच्या रतनताई ग्रुपात आल्या. सासऱ्यांनी जमवलेली चित्रं खराब होऊ नयेत म्हणून या माउलीने ती सगळीच्या सगळी लॅमिनेट करून घेतली आणि हौसेने फोटो टाकले. झालं! जमवणाऱ्यांच्या लेखी ती चित्रं मेलीच. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की सुटत नाही.

श्रीनिवासरावांनी लिहिलं, "अक्कल गहाण टाकली होतीस का? कचरा केलास सगळा. जा, पोळ्या लाट."

रतनताईंनी फोटो काढून टाकले. 

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी लिहिलं, "श्रीनिवासराव, चूक आपण बरोबर दाखवलीत. आता रतनताईंची माफी मागावी, ही विनंती."

उत्तर आलं, "माफी? मग हॉल विसरा. काचाही."

लगेच शहाण्यासुरत्यांचे फोन सुरू झाले. बाई, सोडून द्या हो. मोठा माणूस आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ना!

"हरीने खुशाल धरावेत," बाई म्हणाल्या. "मी धरत नाही."

बोलल्या खऱ्या, पण आयुष्यात एवढी एकच हौस केली होती हो त्यांनी! समोर टेबलावर वडिलांचा वाघ, वडिलांचं विमान. पण बापाला ‘श्री.’ लावायचं, तेही दुसऱ्या कुणाला ‘ए’ म्हणू देऊन? छे! त्यांनी लिहिलं, "श्रीनिवासराव, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा," आणि त्यांना ग्रुपमधून काढलं. मग रतनताईंना फोन लावला. "ताई, लॅमिनेशन चुकलंच. पण आपण प्रदर्शनाला यायचं, चित्रं घेऊन." बोलता बोलता वडिलांचं आणि त्या ‘श्री.’चंही सांगून झालं.

प्रदर्शन भरलं बाईंच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटर बाजूला सारून. दोऱ्या बांधल्या, कपड्यांचे चिमटे लावले. काच नाही आणि वारा मोकाट, त्यामुळे बाकीच्यांची चित्रं वह्यांतच मिटून राहिली. वाऱ्याला पुरून उरली ती फक्त रतनताईंची. लोक ती हातात घेऊन, उलटीपालटी करून बघत होते.

"आणि तुमच्या वडिलांची?" रतनताईंनी विचारलं.

"कागद पिकलाय त्यांचा. घरीच ठेवली." बाईंनी मान वळवली.

रतनताईंनी पिशवीतून एक पाटी काढली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘श्री. सीताराम यांच्या स्मरणार्थ’. चक्क लॅमिनेट केलेली.

"हे तरी चालतं ना, बाई?"

 बाईंनी पाटी घेतली आणि फाटकावर, येणाऱ्याला वाचावीच लागेल अशी, तारेने आवळून बांधली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "कार्यक्रम संपला. पाटी उतरवा आता."

"वाचलीत आपण?"

"वाचली की."

"मोठ्याने वाचा."

"श्री. सीताराम..."

"हं. राहू द्या तिथेच," बाई म्हणाल्या.