आकडा शेवटी

"खोका भरून झाला की मगच वर आकडा लिहायचा; आधी लिहिला तर तो मागच्या खोक्याचा असतो."

हे खोकेमामा एकदा पॅकिंगमध्ये नव्याने आलेल्या माणसाला म्हणाले होते. त्याने मान डोलावली आणि तो विसरून गेला. कॅमेऱ्यांच्या त्या कारखान्यात मामांनी बावीस वर्षं खोकी भरली. कंबर कुरकुरायला लागली तेव्हा साहेबांनी त्यांना वरच्या मजल्यावर चाचणीच्या खोलीत बसवलं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवस ट्यूबलाइटबरोबर उगवायचा आणि तिच्याबरोबरच मावळायचा. पांढऱ्या भिंतीवर रेघा-चौकटींचा एक मोठा तक्ता. कॅमेरा खाचेत बसवायचा, बटण दोनदा दाबायचं, एकदा कॅमेरा गरम करायला आणि एकदा खरं; पडद्यावर तक्ता नीट उमटला की कॅमेऱ्याला हिरवा ठिपका चिकटवायचा. एवढ्या वर्षांत बायकोचं तोंड पाहिलं नाही तितकं या तक्त्याचं पाहिलं, असं मामा म्हणायचे.

दुसरं टेबल कॅमेऱ्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीचं. मामा तिला पोरी म्हणत. हे कॅमेरे घराच्या दारावर बसायचे. एरवी अधूनमधून समोरच्या रस्त्याचा फोटो काढायचे, आणि बेल दाबली की माणसाचे लागोपाठ दोन. महिनाभर एकच तक्रार येत होती: बेल वाजवणाऱ्याच्या पहिल्या फोटोत पायच नाहीत, खाली नुसता करडा पट्टा. दुसऱ्या फोटोत माणूस पुरा. कारखान्यात थट्टा चालली होती, की भुतांना निदान उलटे का होईना, पाय असतात. मुलगी हसत नव्हती. शुक्रवारी तिचे उमेदवारीचे सहा महिने संपत होते, आणि साहेबांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत पाय सापडले नाहीत तर सोमवारी येऊ नकोस.

नेमके त्याच शुक्रवारी मामा मेहुणीने दिलेला शर्ट घालून आले. पिवळी फुलं, फुलांवर जांभळे पोपट, आणि उरलेल्या जागेत पानं. मेहुणी घरी मुक्कामाला होती, इलाज नव्हता. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, घरचे पडदे धुवायला काढलेत का. मामांनी निळा कोट गळ्यापर्यंत चढवला.

दुपारी उकडायला लागलं, कोट निघाला. शुक्रवारी तक्ता पुसायचा असे, म्हणून मामांनी तो भिंतीवरून उतरवला. मुलीने चाळा म्हणून बटण दाबलं. पडद्यावर कोरी भिंत आली. तेवढ्यात मामा फडकं घेऊन मध्ये उभे राहिले आणि तिने पुन्हा दाबलं. पडद्यावर छातीपर्यंतच मामा, खाली करडा पट्टा.

"पोरी, वीस वर्षं हे पोट कमी करतोय," मामा म्हणाले, "तू एका बटणात केलंस."

तिसऱ्यांदा दाबल्यावर पोट परत आलं, पोपटांसकट. मुलगी मात्र पडद्याकडे बघतच राहिली. मामांनी स्टूल ओढलं आणि हे आत चालतं कसं, ते विचारलं. तिने सांगितलं: सेन्सर फोटो स्वतःच दाबून लहान करतो आणि प्रोसेसरकडे पाठवतो. कोरी भिंत खूप दबते, पोपट कमी. पण पाठवायची जागा दर वेळी सारखीच; उरलेल्या जागेत शून्यं भरलेली असतात.

"म्हणजे खोका एकच, माल कमीजास्त, आणि पोकळीत रद्दी. मग खरा माल किती, हे कुठे लिहितात?"

"सेन्सरच तो आकडा मांडून ठेवतो. फोटो सुरू झाला की मी तो वाचून घेते."

"सुरू झाला की? माल भरायच्या आधी?"

मुलीने तोंडावर हात ठेवला. फोटो पुरता दाबून झाल्याशिवाय सेन्सरला तरी आकडा कुठून कळणार? सुरुवातीला तिथे असायचा तो मागच्या फोटोचा. भिंतीचा छोटा आकडा वाचून प्रोसेसर पोपटांना मध्येच कापत होता. दारावरही तेच: आधी रिकामा रस्ता, मग माणूस. आणि या खोलीत तर रोज तोच तक्ता. मागच्या फोटोचा आकडा पुढच्यालाही बरोबर, हजारो ठिपके हिरवे.

तिने आकडा वाचणाऱ्या ओळी उचलून फोटो संपतो तिथे नेल्या. आधी कोरी भिंत, मग मामा. डोक्यापासून चपलांपर्यंत मामा आले, एकही पोपट कमी नाही.

पाच वाजता साहेब आले. त्यांनी स्वतः सहा वेळा बटण दाबून पाहिलं आणि मुलीला म्हणाले, सोमवारी वेळेवर ये. मुलीने सांगून टाकलं की शोधलं मामांनी. साहेब मामांकडे वळले, आणि त्यांची नजर शर्टावर अडकली. आता प्रत्येक कॅमेऱ्याची चाचणी दोनदा करायची, ते म्हणाले, आधी कोऱ्या भिंतीवर, मग काहीतरी गिचमिड समोर ठेवून.

"आणि याच्यापेक्षा गिचमिड आणखी कुठे मिळायचं? मामा, शर्ट देता का खोलीला?"

मुलगी घाबरली; शर्ट देणारी मेहुणी अजून चार दिवस राहणार आहे, हे मामांनीच तिला सांगितलं होतं. मामांनी एकेक बटण शांतपणे सोडलं, शर्ट तक्त्याच्या खिळ्याला टांगला, पोपट हाताने सारखे केले आणि खिशावर एक हिरवा ठिपका चिकटवला. मग बनियनवर निळा कोट गळ्यापर्यंत लावला, पिशवी उचलली, आणि खोलीबाहेर पडले.