अक्षर केवढं आहे ते बघा

मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वाचताना अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे उलटीसुलटी व्हायची आणि वर्गात मुलं हसायची. शेवटी शेवटी ती शाळेत तोंडच उघडेना. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नगरहून उज्जैनला आलेलो. आमच्या चर्चमध्ये मुलांना घरी शिकवणारं दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

मी इंटरनेटवर शोधून ख्रिस्ती पाठ्यपुस्तकांचा एक भलामोठा संच मागवला. प्रत्येक विषयात बायबल गुंफलेलं. गणितातसुद्धा नोहाच्या तारवातले प्राणी मोजायचे. मी खूश. मुलीने पहिलं पुस्तक उघडलं, बारीक इंग्रजी छपाई बघितली आणि हळूच मिटून ठेवलं. महिनाभर रोज तेच चाललं. मला वाटायला लागलं, आपण तिचं वर्ष वाया घालवलं.

शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. मराठीच, पण कित्येक पिढ्यांपासून इथल्या. त्या आल्या की मी ती पुस्तकं पलंगाखाली सरकवायचे. सगळीकडे बायबल बघून त्यांना काय वाटेल, ही धास्ती. एका दुपारी सरकवायची राहिली. काकूंनी तारवाचं गणित उचललं आणि शांतपणे चाळलं.

"गोष्ट छान आहे," त्या म्हणाल्या. "पण तू यात देव आहे का, ते बघून घेतलंस. अक्षर केवढं आहे, ते नाही बघितलंस."

"मग काय करू, काकू?"

"तिलाच दुकानात ने. तिला वाचता येईल तेच घे. गणिताची फिकर करू नको, ते मी बघून घेते."

मला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस मी उगाचच त्यांना घाबरत होते.

शनिवारी उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावरून बसने आम्ही मायलेकी इंदूरला गेलो. तिथे ख्रिस्ती पुस्तकांचं एक छोटंसं दुकान आहे. दुकानदार एकाहून एक जाड पुस्तकं काढायला लागले. मी म्हटलं, "आज हिलाच बघू द्या."

ती खालच्या फळीशी फतकल मारून बसली. एकेक पुस्तक उघडायची, परत ठेवायची. अर्ध्या तासाने एक पातळ मराठी पुस्तक घेऊन आली. वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट. पानावर चारच ओळी, अक्षरं ठळक, सुटी सुटी.

"आई, ये वाला," ती म्हणाली. "यातली अक्षरं हलत नाहीत."

परतीच्या बसमध्ये ती ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. मध्येच अडखळायची, मागे जाऊन पुन्हा सुरू करायची. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. अर्ध्या वाटेवरच्या सांवेरच्या आसपास तिने पहिलं पान उलटलं. मी डोकं मागे टेकलं आणि कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. नानाखेडा आल्यावर तिनेच मला हलवून उठवलं.