शिळं पाणी

आमच्या फुलपाड्यात नळाला दिवसाआड पाणी येतं. आलं की आदलं शिळं पाणी ओतायचं आणि सगळं ताजं भरून ठेवायचं, ही माझी खोड. मागच्या फेब्रुवारीत सह्याद्रीत पाच दिवसांच्या डोंगरवाटेवर गेले, तेव्हा ही खोडही सोबत आली. प्रत्येक मुक्कामी बाकीचे सूर्यास्त बघायचे आणि माझा जीव पाण्यासाठी टांगणीला लागलेला. किल्ल्यावरच्या टाक्यावर मी पाचही बाटल्या भरल्या, खिंडीतल्या झऱ्यावर ओतून पुन्हा भरल्या.

"पुढच्या मुक्कामी पाणी आहे हो," आमचा म्होरक्या वैतागला.

"आणि नसलं तर?" मी फटकारलं. गुडघे दुखत होते, पण ओझं सोडवेना.

चौथ्या दुपारी एका पाड्यावर थांबलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर भरलेली कळशी होती. "घेऊ का?" मी विचारलं. "घ्या की," घरातली बाई म्हणाली. मी घाईघाईने बाटल्यांतलं कालचं पाणी अंगणात ओतलं आणि पाचही भरून घेतल्या. कळशीचा तळ दिसू लागला, तेव्हा मला विचारायचं सुचलं, "पाणी आणता कुठून?"

तिने खाली दरीकडे हात केला. "जाऊन यायला दोन तास लागतात."

मी शरमून बाटल्या पुढे केल्या. "राहू द्या, वाटेत लागेल तुम्हाला," म्हणत तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि कळशी उचलली. ती उतरायला लागली, तेव्हा मी ओतलेलं पाणी अंगणात अजून वाळलंही नव्हतं.