बोल्टावरचं कुंकू

आमच्या ट्रकमधून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख विटांच्या कारखान्यांना जाते. घरातही ती सगळीकडे असते. दुधावरच्या सायीत बोट बुडवलं तरी करकर लागते. मला राखेची कधी किळस आली नाही. किळस आली ती दोन बोल्टांची. कोणाशी बोलले नाही म्हणून इथे लिहिते.

ट्रक यांच्या नावावर आहे, चालवतात माझे धाकटे दीर. मागच्या उन्हाळ्यात स्टेअरिंग ढिलं झालं. चाक हातभर फिरवावं तेव्हा कुठे गाडी वळायची. दीर तेव्हा नांदगावला गेले होते, जाऊबाई बाळंतपणाला माहेरी होत्या म्हणून. मग यांनीच गाडी रस्त्यावरच्या गॅरेजात लावली. दुपारी मी डबा घेऊन गेले.

मिस्तरी पुढच्या चाकामागे उकिडवा बसला होता. स्टेअरिंगची जी लोखंडी पेटी असते, ती चार बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते. ते बोल्ट तो काढत होता. पाना एक माप मोठा होता, ते मलासुद्धा दिसत होतं. दरवेळी तो घसरायचा आणि बोल्टाचं डोकं आणखी गोल व्हायचं. मग त्याने छिन्नी लावून हातोड्याने ठोकलं. मधेच तोंडातला गुटखा चाकावर थुंकायचा. दोन बोल्ट नीट निघाले. उरलेले दोन निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर भोकातले आटेही सोलून आले, लोखंडाचा चुरा खाली सांडला. नवा बोल्ट घातला तर तो नुसताच गरगर फिरे.

मिस्तरी यांना म्हणाला की पेटी उतरवून लेथवर न्यावी लागेल, नवे आटे पाडून जाड बोल्ट बसवावे लागतील, उद्याचा दिवस जाईल. हे म्हणाले, उद्या माल भरायचा आहे, काहीतरी कर.

त्याने तेलाच्या रिकाम्या डब्यातून पत्र्याची पट्टी कापली. दातांत धरून ओढून सरळ केली. पट्टीला लाल थुंकी लागली. तशीच ती बोल्टाला गुंडाळली, बोल्ट भोकात ठोकला आणि वरून पाना मारला. दुसऱ्याचंही तेच.

"आता हत्ती लोंबकळू द्या शेट," तो म्हणाला, "हत्ती पडेल, बोल्ट नाही."

हे हसले. मिस्तरीने मूठभर ग्रीस घेऊन चारही बोल्टांवर थापलं, तळहाताने, गोवरी थापावी तसं. मग हात चड्डीला पुसून माझ्या हातातला डबा घ्यायला पुढे आला. मी डबा जमिनीवर ठेवला.

निघताना हे हळूच म्हणाले, "घरी बोलायची गरज नाही."

मी नाही बोलले. मला कोणासमोर बोलायला आधीच जमत नाही. त्यात नवऱ्याने सांगितलेलं, म्हणजे सोपंच झालं.

आमच्या घरात गाडीला कुठलाही नवा भाग बसला की त्याला हळद-कुंकू लावतात. लोखंडावर सुकं टिकत नाही म्हणून ते तेलात कालवायचं. संध्याकाळी दीर परत आले. यांनी मला हाक मारून सांगितलं, बोल्ट नवे आहेत, लावून घे. मी जुन्या साडीच्या फडक्याने ग्रीस पुसलं आणि एकेका बोल्टाला बोट लावलं. लोखंड ओशट होतं. दरवेळी बोट घसरून कुंकवाची रेघ बोल्टावरून खाली पेटीवर उतरली. दीर शेजारी हात जोडून उभे होते. त्यांनी गाडीला नमस्कार केला. थुंकी लागलेल्या त्या पत्र्यावर मी कुंकू लावत होते आणि ते पाया पडत होते. घरात जाऊन साबणाने तीनदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर सिन्नरला जवळची एक खेप टाकून आले. जेवून दुपारी कसारा घाट उतरून माल न्यायचा होता. पानं वाढली. हे भाकरी मोडून आमटीत कुस्करत होते, आवाज करत, मन लावून. मला तो आवाज ऐकवेना. मी फडकं घेतलं आणि पाण्याला जाते म्हणून गाडीपाशी गेले.

खाली वाकले. दोन बोल्टांवरची रेघ सरळ होती, मी ओढली होती तशीच. दुसऱ्या दोन्हींवर ती तुटली होती. पेटीवरचा तुकडा जागच्या जागी आणि बोल्टावरचा तुकडा बाजूला वळलेला. सिन्नरपर्यंतच्या एका खेपेत बोल्ट तेवढे फिरले होते.

मी दारात जाऊन उभी राहिले. दिरांनी वर पाहिलं.

"काय झालं वहिनी?"

"भाऊजी, जरा गाडीकडे या."

ते उष्ट्या हाताने आले. मी रेघेकडे नुसतं बोट दाखवलं. त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत बोल्ट धरला आणि फिरवला. पाना लागलाच नाही. बोल्ट बाहेर आला, मागोमाग पत्र्याची सुरळी, लाल डागासकट. दुसराही तसाच.

ते घरात गेले आणि दोन्ही बोल्ट यांच्या ताटाशेजारी ठेवले. पत्र्याला चिकटलेल्या ग्रीसचा एक थेंब फरशीवर पडला. यांनी मान वर केली नाही. एकाच खेपेपुरतं होतं, उद्या लेथवर नेणारच होतो, असं काहीतरी म्हणाले.

दिरांनी खिशातून चावी काढली.

"मग ही खेप तुम्ही मारा, दादा."

यांनी ती घेतली नाही. आणि मग भाकरीचा पुढचा घास खाल्ला. बोल्ट शेजारी असताना खाल्ला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घासाइतकं ओंगळ मी काही पाहिलेलं नाही. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. ते विचारतील की तुम्हाला कधी कळलं, म्हणून मी पदर तोंडाला लावून आत गेले. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की काल दुपारी.

गाडी लेथवर गेली. दोन दिवसांनी आली ती जाड बोल्ट घालून. यांनी नेहमीसारखी हाक मारली, कुंकू आण म्हणून. मी वाटी आणली, पायरीवर ठेवली.

"आधी पाना द्या," मी म्हणाले.

पाना दिरांनी आणून दिला. चारही बोल्टांना लावून मी जोर केला. एकही हलला नाही. मग बोट बुडवलं, आणि या वेळी रेघ मुद्दाम लांब ओढली.