माझ्या अंगठ्यावरचा व्रण

मालवण, तारकर्ली, देवबाग आणि आसपासच्या सर्व वाड्यांतील तमाम बंधुभगिनींना, तसेच ज्यांनी ज्यांनी माझ्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत किंवा एस.टी.ची वाट बघता बघता माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन ‘अरे बापरे’ म्हटलेलं आहे त्या सर्वांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या उजव्या अंगठ्यावरचा व्रण दोरीचा नाही.

झालं. अर्धं तर सांगून टाकलं.

उरलेलं अर्धं मात्र जड आहे. गेल्या रविवारपर्यंत ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नव्हतं. भटजीपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, दारूच्या बैठकीतसुद्धा नाही. आणि मी काही कमी बोलणारा माणूस नाही, हे तुम्हाला दोन-चार ओळींतच कळलं असेल. मग एवढी एकच गोष्ट पोटात कशी राहिली? कारण तिच्यावर मी दुसरी एक गोष्ट ठेवली होती. ती फार चांगली होती हो. लोक ती परत परत मागायचे.

ती ऐकलेली नसेल तर थोडक्यात सांगतो. एका दिवाळीच्या सुट्टीत मी शिडाची बोट भाड्याने घेतली. खलाशी नाही, तांडेल नाही, मीच सगळं. सोबत माझी बायको सुमन, पुण्याचा माझा आतेभाऊ सुहास आणि त्याची बायको माधवी. निवतीसमोर समुद्रात जी खडकाळ बेटं दिसतात, त्यांच्या आडोशाला नांगर टाकून राहायचं, मासे भाजायचे, बोटीतच झोपायचं, असा बेत. वाटेत वादळ. बोट आडवी. सुमन डोलकाठीला मिठी मारून रडते आहे, देवाचा धावा करते आहे. आणि मी – एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, दोरी अंगठ्यात रुतलेली, रक्त ठिबकतंय – मी बोट किनाऱ्याला आणतो. मग अंगठा दाखवायचा. मग टाळ्या.

किती वेळा सांगितली असेल? आणि दर वेळी सुमनचं रडणं थोडं वाढत गेलं – हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय. सुरुवातीला ती नुसती घाबरली होती. मग रडू लागली. मग डोलकाठीला मिठी आली. गेल्या गणपतीत तर मी तिच्या तोंडी माहेरच्या देवाला बोललेला नवससुद्धा घातला.

आता खरं काय झालं ते.

मी मालवणात राहतो म्हणून लोकांना वाटतं, हा समुद्राचा माणूस. मी वालावलचा. तळ्याच्या काठावर वाढलेलो. माझे वडील शाळामास्तर, आणि पाण्याशी माझा संबंध पाय बुडवून बसण्याइतकाच. पण मी दशावतारात राजपार्ट करतो. हौशी, पण करतो. आणि आमच्या दशावतारात संहिता नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कथा ठरते, तोंडाला रंग लागतो, आणि मग रंगमंचावर जाऊन जे सुचेल ते बोलायचं. आधी प्रवेश, मग शब्द. आजवर शब्दांनी मला कधी दगा दिला नाही. म्हणून मी समजत होतो की सगळंच असं चालतं.

बोटीचा मालक पुण्याचा एक हौशी गृहस्थ होता. बोट त्याने खाडीत ठेवलेली, आणि जाणत्या माणसाला तो ती खलाशाशिवाय द्यायचा. सुहासने परदेशातले असले व्हिडिओ बघितले होते – पांढरं शीड, निळं पाणी, स्वतःच कप्तान. त्याने मला विचारलं, ‘दादा, तुला चालवता येते ना?’ आणि मालवणात राहणारा राजा ‘नाही’ कसं म्हणणार? मालकाने अनुभव विचारला. मी छाती पुढे काढली आणि म्हटलं, ‘पिढीजात.’ एवढा एकच शब्द. पण तो मी अशा आवाजात म्हटला की, त्या माणसाने पुढे काही विचारलंच नाही.

मग त्याने बोट समजावून दिली. हे सुकाणू, हा नांगर, हे छोटं इंजिन – दोरी ओढून चालू करायचं. आणि शिडाची ही दोरी. वारा जास्त झाला आणि बोट कलली, तर फक्त ही सोडा, म्हणाला. शीड सैल पडेल, बोट आपोआप सरळ होईल. मी मान हलवत होतो. ऐकत नव्हतो – ऐकण्याचा अभिनय करत होतो. पलीकडे सुमन डबे लावत बसली होती. सोलकढीची बाटली कुठे सांडणार नाही ते बघत होती. ती ऐकत होती.

सकाळी निघालो तेव्हा वारा अगदी गुणी होता. काय सांगू तुम्हाला, तो सकाळचा समुद्र! लबाडी असो की काय असो, तास-दोन तास मी खराखुरा कप्तान होतो. मागे देवबागची माडांची रांग बारीक होत गेली. सुहास फोटो काढत होता. माधवीने गाणं म्हटलं. सुमन चक्क माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मला राजाच्या वेषात पाहून हसली होती, तशी.

दुपारी वारा उठला. वादळ नव्हतं हो. वादळ मी नंतर घातलं. दिवाळीनंतर आपल्याकडे दुपारी वायव्येकडून येतो तो रोजचा वारा. मच्छीमाराचं पोरही त्याला वादळ म्हणणार नाही. पण शीड एकदम फुगलं आणि बोट एका अंगावर झुकली. डबे घरंगळले. पाणी कठड्यापाशी आलं. आणि मी?

मी दोरी घट्ट धरली. हाताला दोन वेढे देऊन धरली. घाबरलेला माणूस हातात असेल ते धरतोच, नाही का? आणि मी जितकी घट्ट धरत होतो, तितकी बोट आणखी झुकत होती.

आणि मग – हे आता कसं लिहू? – मी गाऱ्हाणं घातलं.

वाडीत काहीही शुभ-अशुभ असलं की देवापुढे गाऱ्हाणं घालायला मलाच उभं करतात – मी मागायचं, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आवाज आहे ना. तोच आवाज तिथे फुटला. दोरीचा हात छातीशी आवळलेला, दुसरा हात वर. सुकाणू सोडूनच दिलेलं. ‘बा समुद्राच्या राजा, आज ही चार लेकरां तुझ्या दारात इली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!’ आणि सुहास – इंजिनिअर माणूस, डोळे गच्च मिटलेले – कोकणातलं रक्त कुठे जाणार? – ओरडला, ‘होय म्हाराजा!’ मला हुरूप आला. मी पुढचं घातलं. ‘काय चूकभूल झाली असात ती पदरात घे रे म्हाराजा!’ ‘होय म्हाराजा!’ बोटीच्या खालच्या खोलीत लपलेल्या माधवीचाही बारीक आवाज आला, ‘होय म्हाराजा!’ बोट बुडायला आली होती आणि आमचं गाऱ्हाणं रंगात आलं होतं.

देवाचा धावा करत कोण होतं, कळलं ना तुम्हाला? डोलकाठीला मिठी कुणीच मारली नव्हती. पण रडत होतो मी. गाऱ्हाण्याच्या आडून, पण रडतच.

सुमन कलत्या बोटीवरून हातापायांवर माझ्यापर्यंत आली. मला काहीतरी ओरडून म्हणाली. मी ऐकलं, पण हात उघडेना. खरंच उघडेना. तिने बोटं सोडवून पाहिली. मग ती वाकली आणि माझ्या अंगठ्याला कडकडून चावली.

दोरी सुटली. शीड फडफडलं. बोट सरळ झाली. मालकाने सांगितलं होतं, अगदी तशी.

पुढचं सगळं तिनेच केलं. सुहासला शीड खाली ओढायला लावलं. परसातला पंप ती रोज दोरी ओढून चालू करते, तसं इंजिन चालू केलं – तिसऱ्या झटक्याला – आणि सुकाणू धरून बोट निवतीच्या किनाऱ्याजवळ आणली. मी अंगठा तोंडात धरून बसलो होतो.

खोटं तिथे सुरू झालं नाही. ते वाळूवर सुरू झालं.

किनाऱ्यावर बायका मासळी वाळवत होत्या. त्या धावत आल्या. आम्ही पाण्यात उतरून चालत वर आलो, आणि इतका वेळ खांबासारखी उभी असलेली सुमन तिथे मटकन खाली बसली. काम संपलं आणि मगच बसली. आणि मी उभा होतो. अंगठ्यातून रक्त. एका बाईने विचारलं, काय झालं गो हिका? आणि मी म्हणालो – कुणी विचारलं नसतं तरी म्हणालो असतो, असं मला आता वाटतं – ‘काय नाय, जरा घाबरली ती.’

एवढंच. जरा घाबरली ती. सुहासने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. डोळे मिटून ‘होय म्हाराजा’ ओरडणाऱ्या माणसालाही ही गोष्ट अशीच बरी होती. सुमनने वर पाहिलं. तिने ते खोडलं नाही. घरी गेल्यावरही नाही, पुढेही कधी नाही. मी गोष्ट रंगवत अंगठ्याकडे वळलो की ती फक्त उठायची आणि चहा टाकायला जायची.

मी माझी भीती तिच्या नावावर करून दिली होती. मला वाटायचं, तिचं काय जातं? विनोदच तर आहे. लग्नकार्यात बायका तिला म्हणायच्या, ‘सुमन, पाण्याचो तांब्या जपान धर गो, वारो सुटलो.’ ती पण हसायची. मी तर हसायचोच.

यंदा आमच्या वाडीतल्या बायकांनी खाडीत होड्या घातल्या. कांदळवनातून पर्यटकांना फिरवायचं, पक्षी दाखवायचे, वल्ही बायकांनीच मारायची. सुमनला फार हौस. देवबागची मुलगी ती, खाडीवरच वाढलेली. सगळ्यांत आधी तिने नाव सांगितलं. संध्याकाळी ती परत आली, आणि भाकऱ्या थापायला बसली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘नको म्हणतत. पावण्यांका घेवन रडाक लागलंस तर काय करू, म्हणतत.’ तव्यावरची भाकरी उलटताना पुढे एवढंच म्हणाली, ‘बरोबर आसा तेंचा. तेनी जा ऐकला ताच बोलतत.’

त्यात टोमणा नव्हता हो. असता तर किती बरं झालं असतं.

त्या माऊलीमुळे मी आज जिवंत आहे. सुहासच्या मुली मोठ्या झाल्या, मी माझे सगळे राजे केले, दुकान चाललं, सकाळी चहा पिताना खाडीवर ऊन पडताना बघितलं. खोटं बोलायलाही माणूस जिवंत लागतो, आणि तेवढा जिवंत मला तिने ठेवला. एवढं मोठं दिलेलं घेऊन मी तिला काय परत दिलं, ते वर लिहिलंच आहे. माझ्याकडे त्याला कारण नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं – शब्द मला सापडतातच – म्हणून शोधलं नाही. माफीही मागत नाही. ती मागितली की सुमनला पुन्हा काहीतरी द्यावं लागेल.

रविवारी मी खाडीवर गेलो. सुमनलाही नेलं, कशासाठी ते न सांगता. वल्ही घेऊन बायका बसल्या होत्या, मधे त्यांची म्होरकी फिलोमिना. गावभर ती फिलूबाय. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसं. सांगून संपलं, आणि त्या हसून लोळल्या. फिलूबाय डोळे पुसत म्हणाली, ‘भावजी, ह्या नवीन नाटक काय? बरा आसा हां.’

बघा माझी कमाई. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर टाळ्या!

मी अंगठा पुढे केला. ‘बघ. दोरीचो वळ असो असता?’ ती वाकून बघू लागली. दातांची ती अर्धगोल ओळ तिने याआधी शंभरदा पाहिली होती, पण दोरी म्हणून. तिचं हसू थांबलं. तिने सुमनकडे पाहिलं. सुमन पायाने वाळू उकरत होती. मग फिलूबाय मला म्हणाली, ‘चावच्या आदी ती काय बोलली, ता सांगा. तिचाच बोलणा व्हया, तुमचा नको.’

तुम्हाला सांगतो, सुमनने मला लग्नापासून कधी ‘तू’ म्हटलेलं नाही. अहो-जाहोच. फक्त त्या दिवशी, त्या एका वाक्यात म्हटलं. माझ्या गोष्टीत ते वाक्य मी कधीच घेतलं नव्हतं, कारण त्याच्यापुढे माझा राजा उभाच राहत नाही. मी आजवर एकदाही स्त्रीपार्ट केलेला नाही. त्या दिवशी केला. पदर खोचावा तसा हात कमरेशी नेला, गुडघ्यांवर वाळूत बसलो, आणि तिचा आवाज काढून, तिच्यासमोर, जसंच्या तसं ओरडलो:

‘मेल्या, गाऱ्हाणा मगे घाल, आदी ती दोरी सोड रे!’